अर्धी कांडी

आमच्या आर्णीच्या थंडीत कौतुक करण्यासारखं काही नसतं. नुसती कोरडी. शेतातली तूर वाळते, दोरीवरचे कपडे घटकाभरात वाळतात आणि माणसांचे ओठही वाळतात. या वर्षी शीलाचे ओठ फुटले तेव्हा दरवर्षीसारखेच फुटले असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ओठांच्या कोपऱ्यांतून रक्त येऊ लागलं, आणि मग तिने जेवणच सोडलं.

शीला माझी बायको. मी नंदकिशोर, पंचायत समितीतून निवृत्त झालेला आणि शेजाऱ्यांच्या मते तिरसट. शेजाऱ्यांचं खोटं नाही. शीलाला विसरण्याचा आजार आहे, काही वर्षं झाली. आधी ती दुधाचं पातेलं गॅसवर विसरायची, मग गल्ली विसरली, मग मुलांची नावं. आता मला विसरली आहे. म्हणजे नवऱ्याला विसरलेली नाही. नवरा तिला चांगला आठवतो, दिवसभर ती त्याचीच वाट बघत असते. फक्त समोर खुर्चीत बसलेला हा टकला म्हातारा म्हणजे तोच, हे तिला काही केल्या पटत नाही.

तिच्या हिशेबी मी ऑफिसातला कोणीतरी आहे. साहेबांकडे काम घेऊन आलोय आणि ते येईपर्यंत बैठकीत बसून राहिलोय. पदर सावरून ती मला सांगते, हे अजून आले नाहीत, बसा. चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात जाते आणि तिथे ओट्याला हात टेकून उभी राहते, कशाला आले ते तिला आठवत नाही. एकदा मी आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून तिच्यापुढे धरला होता. तिचा चेहरा उजळला. "हे आमचेच हायेत. तुम्ही ओळखता काय यायले?" असं तिने मला विचारलं. त्यानंतर मी फोटोच्या भानगडीत पडलो नाही.

तर ओठ. यवतमाळच्या डॉक्टरांकडे तिला नेलं तेव्हा ती पाण्याचा पेलाही तोंडाला लावू देत नव्हती. डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, ओठ फुटलेत, त्यामुळे जे लागेल त्याने आग होते, म्हणून ती खात नाही, पीत नाही, आणि पाणी पोटात नाही म्हणून ओठ आणखी वाळतात. शिवाय ती सारखी जिभेने ओठ चाटते, त्याने तर जास्तच. लिप बाम लावा, म्हणाले. रंग नको, वास नको, चव नको, आणि दिवसभर लावत राहा. लवकर खाऊ-पिऊ लागली नाही तर भरती करावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. असे पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून हात कॉटला बांधतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागत असेल.

परतीच्या रस्त्यावर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होतो. हे हात बांधू द्यायचे नाहीत, एवढं मी ठरवलं. आणि त्यासाठी आता मला लिप बाम नावाची वस्तू निवडायची होती, जी जन्मात कधी हातात धरली नव्हती.

आमच्याकडे ओठ फुटले तर औषध ओठांना नसतं, बेंबीला असतं. थंडी सुरू झाली की शीला निजताना मुलांच्या बेंबीत कोमट तुपाचा थेंब सोडायची. पोरं गुदगुल्यांनी पाय झाडायची. मुलांचं झालं की वाटी माझ्याकडे यायची. मी चिडायचो, मी काय लहान आहे का म्हणायचो, आणि तरी बनियन वर करून पडून राहायचो. बोटाला राहिलेलं तूप ती माझ्या ओठांवर पुसून टाकायची, भिंतीला पुसावं तसं, आणि दिवा बंद करायची. अनिकेत पुण्याला गेला, मिताली लग्न होऊन नागपूरला गेली, पण वाटी माझ्याकडे येत राहिली.

तेव्हा पहिल्यांदा मी तूपच कोमट केलं. वाटी घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण काय करायला निघालोय. ऑफिसातला परका माणूस येऊन एका बाईला बेंबी उघडी कर म्हणतो, त्याला काय म्हणायचं? तेवढी अक्कल मला वेळेवर सुचली. मी फक्त ओठांना लावून देतो म्हणालो आणि बोट पुढे केलं. ती भिंतीपर्यंत मागे सरली. "माहे हे येतीलच आता," ती म्हणाली. धमकीच होती ती. मी वाटी टेबलावर ठेवली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. शीलाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती घाबरली होती ती मला.

अनिकेतला फोनवर सांगितलं तर दोन दिवसांत कुरिअर दारात. पुण्यातल्या माणसांना वाटतं की खोक्यातून पाठवता येत नाही असं जगात काही नाही. आत रंगीबेरंगी नळ्यांचा संच होता: स्ट्रॉबेरी, कलिंगड, चॉकलेट. चॉकलेटची मी तिच्या हातात दिली. तिने ती ओठांना लावली, चाटली, पुन्हा लावली, पुन्हा चाटली. संध्याकाळपर्यंत नळी संपली आणि ओठ आदल्या दिवसापेक्षा लाल. दुसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरीची काढली. झाकण उघडलं तर आत गुलाबी कांडी. तिने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. भल्या घरच्या बाईला, नवरा घरी नसताना, परक्या पुरुषाने लाली आणून दिली होती. तिने नळी खिडकीतून बाहेर फेकली आणि देवघरात जाऊन बसली. मी अंगणातून ती नळी उचलून आणली. लोक बघतील म्हणून.

मग मी बसस्टँडजवळच्या अब्दुल गनींच्या जनरल स्टोअरमध्ये गेलो. दुपारी तिथे त्यांची मुलगी माहनूर बसते, मोबाइलमधून डोकं वर काढायला तिला थोडा वेळ लागतो. ओठांना लावायचं पाहिजे, रंग नको, वास नको, चव नको, असं मी तिला सांगितलं. "मग घेता कायले अंकल?" असं तिने विचारलं. मलाही तेच वाटत होतं. पण मग तिने आतल्या फळीवरून एक चपटी गोल डबी काढली. मेण आणि तेल, बाकी काही नाही म्हणाली. मी वास घेतला. खरंच काही नव्हतं.

या वेळी मी शहाणपणा केला. स्वतः दिली नाही. शीलाच्या आरशासमोर ठेवून दिली आणि बैठकीत पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने ती बाहेर आली. कपाळावर गोल, रेखीव कुंकू होतं. टिकल्या निघाल्यापासून तिने असं कुंकू लावलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्नात तिच्या आईने दिलेल्या करंड्यात अशीच डबी असायची, मेणाची. आधी कपाळावर मेण, त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही. माझा लिप बाम तिने कुंकवाखाली लावला होता. देवघरातलं कुंकू घेतलं होतं, थोडं नाकावर सांडलं होतं. "हे यायच्या आधी लावून घेतलं," ती मला म्हणाली, आणि बोलताना खालचा ओठ पुन्हा फुटला. ती सुंदर दिसत होती. मला हसूही आलं नाही आणि रडायला बैठकीत जागा नव्हती, कारण तिथे तिचा पाहुणा बसलेला होता.

त्या डबीचं शेवटपर्यंत कुंकूच झालं. ओठांना तिने ती एकदाही लावली नाही. मेण कपाळाचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि कोणी काही सांगितलं तरी ते खोटं होतं.

दरम्यान दिवसाकाठी दोन-चार घोट पाण्यावर ती सुकत चालली होती. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊ लागल्या. दूध दिलं तरी ओठ मिटून मान फिरवायची. घरात धुणीभांड्याला चंदाबाई येते, आता दिवसभर शीलाजवळच थांबते. तिला मी म्हटलं, तू बाई आहेस, तू लाव. माहनूरकडून या वेळी साधी पांढरी कांडी आणली होती, फिरवली की वर येते तशी. चंदाबाई भली, पण घाई फार. कसं लावायचं ते दाखवायला तिने कांडी आधी स्वतःच्या ओठांवर फिरवली आणि मग शीलापुढे धरली. झालं. उष्टी कांडी. शीलाने तोंड घट्ट मिटलं ते मिटलंच. शीला बाकी सगळं विसरेल, पण कोणाचं उष्टं तोंडाला लावायचं नाही, हे ती कसं विसरेल? लग्नानंतर आयुष्यभर तिने एकट्या माझ्या ताटातलं उष्टं खाल्लं. पोरांचंसुद्धा कधी खाल्लं नाही. चंदाबाई कांडी धुऊन आणते म्हणाली. मी म्हटलं, तूच ठेव आता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सोमवारी घेऊन या म्हणून सांगितलं, आणि सोबत दोन चादरी आणा. चादरी म्हणजे भरती, ते मला कळलं.

त्या दुपारी मी पुन्हा माहनूरच्या दुकानात उभा होतो. खरं तर का गेलो तेच मला माहीत नव्हतं. लावणार कोण होतं? पण हातात दुसरं काही नव्हतं. तीच पांढरी कांडी मागितली तर तिने दोन काढल्या. एक अगदी साधी, दुसरीत किंचित औषधी थंडावा. कोणती देऊ? मी म्हटलं, मला काय माहीत कोणती, माझे ओठ आहेत का ते? जरा मोठ्यानेच म्हटलं असेन. माहनूरने मोबाइल खाली ठेवला. "अंकल, आंटीलेच फोन लावून विचारा ना," ती म्हणाली.

तिला शीलाच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. मी चिडून खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला. घरचा म्हणजे जुना लँडलाइन, वर शीलाने विणलेलं झाकण असलेला. अनिकेत सुट्टीत येतो तेव्हा त्याला इंटरनेट लागतं, म्हणून तो ठेवलाय. चंदाबाई उचलेल, शीलाने सकाळपासून काही घेतलं का ते विचारू, आणि दोन्ही कांड्या घेऊन निघू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फोन शीलाने उचलला. "हॅलो" म्हणाली. अगदी पूर्वीसारखं, शेवटी आवाज थोडा चढवून.

"मी बोलून राह्यलो," मी म्हणालो.

"अहो, कुठं हाये तुम्ही? किती वेळची वाट पाहून राह्यली मी."

मी काउंटर धरला. माहनूरने न विचारता स्टूल पुढे सरकवलं आणि पाठ करून फळीवरच्या बाटल्या पुसू लागली. माझी बायको मला विचारत होती, मी कुठे आहे. खूप दिवसांनी तिने मला अहो म्हटलं होतं. ऑफिसात आहे, म्हणालो. ऑडिट लागलंय. ती म्हणाली, तुमच्या ऑडिटाचं काही खरं नाही, आणि हसली. हसताना ओठ ताणला गेला असेल, कारण मध्येच "आई गं" केलं.

मग तिने आवाज खाली केला. "अन् आयका न. एक माणूस येऊन बसते घरात. सकाळपासून असते. मले भेव लागते त्याचं."

"काही करते काय तो?"

"करत नाही काही. नुसता पाहत राह्यते माह्याकडे."

तो आपल्याच ऑफिसातला आहे, मी तिला सांगितलं, भला माणूस आहे, त्याला घाबरायचं काही कारण नाही. तिला फारसं पटलं नसावं. मग मी ओठांचं विचारलं. फुटलेत, आग होते, तिखट तर सोडाच, पाणीसुद्धा झोंबतं, असं तिने सगळं सांगितलं. घरात इतके दिवस मी विचारत होतो तेव्हा तोंड मिटून घेत होती. आणि आता फोनवर, नवऱ्याला, कुठे कुठे दुखतं ते सविस्तर सांगत होती. मी म्हणालो, एक पांढरी कांडी पाठवतो, ती ओठांना लाव, दिवसभर लाव, चाटू नको. कोणाच्या हाती पाठवता, तिने विचारलं. त्याच माणसाच्या हाती, मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता तर घेते," ती म्हणाली.

साधी कांडी घेतली. झाकणावरचं सील फोडू दिलं नाही. घरी आलो, बैठकीच्या उंबऱ्यातच थांबलो आणि कांडी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "वहिनी, साहेबांनी पाठवली," मी म्हणालो. बायकोला वहिनी म्हणताना जीभ जड होईल असं वाटलं होतं. झाली नाही. तिने सील नीट तपासलं, माझ्याकडे पाठ केली, आरशासमोर गेली आणि लावली. वरच्या ओठाला, खालच्या ओठाला, कोपऱ्यांना. त्या संध्याकाळी तिने अर्धा पेला कोमट दूध घेतलं. चंदाबाई स्वयंपाकघरात डोळ्यांना पदर लावून उभी होती आणि मी तिच्यावर उगाच ओरडलो, की भांडी तशीच पडलीत.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. असं होतं म्हणाले, डोळ्यांची ओळख जाते आणि कानाची राहते, त्यातही समोर माणूस दिसत असला की कानाचंही चालत नाही. वाद घालू नका, चाललंय तसं चालू द्या. सोमवारचं त्यांनी पुढे ढकललं.

तेव्हापासून माझा दिनक्रम ठरला. मागच्या अंगणात शेवग्याखाली, तिला दिसणार नाही अशा जागी उभा राहून मी घरचा फोन लावायचो. ऑफिसातून बोलतोय म्हणायचो. कांडी लावली का विचारायचो. मग आत येऊन बैठकीत बसायचो आणि ती लावताना दारातून बघायचो, पण जास्त बघायचो नाही, तिला भीती वाटते म्हणून. कांडी कुठे ठेवली ते ती विसरायची, पण फोनवर सांगितलं की चंदाबाई दाखवेल तिथून उचलायची. ओठांवरचे पापुद्रे गळाले. कोपरे भरून आले. दुधानंतर मऊ भात, मग वरण, मग एक दिवस तिने चंदाबाईकडे ठेचा मागितला. डॉक्टर म्हणाले, आता नळीची गरज नाही. मी जिंकलो होतो. आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

पण फोनवरच्या त्या माणसाचा मला हेवा वाटू लागला, हेही खरं. शीला त्याच्याशी हसायची. त्याला सांगायची, मिताली लहान होती तेव्हा कशी तुमच्या चपला घालून फिरायची. त्याला विचारायची, डबा खाल्ला का, मफलर घेतला का. मी फोन ठेवून आत गेलो की ती पदर सावरून ताठ बसायची. एकाच घरात तिचा नवरा अंगणात राहत होता आणि बैठकीत कोणी दुसराच. आत मी कितीही वेळ बसलो तरी तो घरी आला असं होत नव्हतं.

आणि मग तिने बोलावणं सुरू केलं. ओठ दुखत होते तोवर दुखण्याचं बोलणं होतं. आता दुसरं काही बोलायला नव्हतं. कधी येता? मी निवडणुकीचं काम सांगितलं, यवतमाळची मीटिंग सांगितली. पूर्वी हे सगळं खरंच असायचं आणि ती कुरकुर न करता ताट झाकून ठेवायची. आताही झाकून ठेवायची. सकाळी चंदाबाई ते ताट काढायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फोनवर ती म्हणाली, सणाला तरी या. मग तिचा आवाज पुन्हा खाली आला.

"तो माणूस सणालेही येईन काय? त्याले सांगा न, जा म्हणावं. त्याले घरदार नाही काय?"

शेवग्याची पानं अंगणभर पडली होती. मी पायाने ती बाजूला करत होतो. किती वेळ करत होतो माहीत नाही.

"सांगतो त्याले," मी म्हणालो.

संक्रांतीला चंदाबाईने तिची वेणी घातली. काळी चंद्रकळा तिने स्वतः कपाटातून काढली, ती कुठे आहे ते तिला बरोबर आठवलं. कुंकवासाठी चंदाबाईने पातेल्याच्या कडेचं जरासं तूप दिलं. आरशासमोर बसून तिने ओठांवर कांडी फिरवली आणि ओठांवर ओठ दाबले. मी हे सगळं पेपरच्या वरून बघितलं. ओठ मऊ झाले होते, निरोगी, एक भेग राहिली नव्हती. माझ्या सगळ्या खटाटोपाचं फळ समोर होतं.

दिवेलागणीच्या आधी ती बैठकीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. या वेळी घाबरलेली नव्हती. नवरा येणार होता, तिला कशाची भीती?

"तुम्हाले सांगितलं न साहेबांनी?" तिने विचारलं.

"हो वहिनी."

ती उभीच राहिली. मी पेपरची घडी केली, चपला घातल्या. चंदाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिला मी हातानेच खुणावलं, तू थांब. बाहेर पडलो आणि फाटकाची कडी बाहेरून लावली. गल्लीत पोरं पतंगाच्या मांज्यामागे धावत होती. शेजारच्या काकूंनी, कुठे निघालात सणाचे, म्हणून विचारलं. आलोच, म्हणालो. फाटकाच्या भिंतीला टेकून मी फोन लावला.

"गेला काय तो?" मीच विचारलं.

"गेला. बिचारा लगेच उठला. तिळगूळ द्यायचा राहून गेला त्याले."

"ओठ कसे हाये?"

"ओठ बरे झाले. अर्धी कांडी उरली. तुमच्यासाठी ठेवली हाये. थंडीत तुमचेही फुटतात न. या, मी लावून देते. उष्टी हाये माही, पण तुम्हाले चालते."

मी जीभ ओठांवरून फिरवली. खालचा ओठ मधोमध चिरला होता, खपली खरखरीत लागली. कधी फुटला कोणास ठाऊक. इतक्या नळ्या, डब्या आणि कांड्या आणल्या, त्यातली एकही मी स्वतःला लावली नव्हती. आमच्या घरात ते काम तिचं होतं.

"या न आता," ती म्हणाली.

"निघालो," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता, त्यातून आतलं दिसत होतं. तिने मी बसायचो ती खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून ठेवली आणि मुठीत कांडी धरून तिच्यावर बसली. मी फाटकाची कडी काढली, आणि पुन्हा लावली.